नवरीच्या गाडीची ऑइलगळती

गॅरेजात येणारा माणूस आधी गाडीचा रोग सांगत नाही. आधी तो स्वतः कसा निर्दोष आहे ते सांगतो. "क्लचवर मी पायच ठेवत नाही जी." "ऑइल तर मी वेळेवर बदलतो जी." भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला अडतीस वर्षं मी हे ऐकलं. ट्रॅक्टर, काळ्यापिवळ्या जीपा, मालवाहू ऑटो, धान मळायची यंत्रं, जे दारात आलं ते दुरुस्त केलं. एकदा मोहाडीकडचे एक गृहस्थ नुसता सायलेन्सर खांद्यावर घेऊन एसटीनं आले आणि म्हणाले, "हा लय आवाज करते. याच्यात काय झालं ते पाहून सांगा." गाडी घरीच उभी होती! दुसरे एक जण दर पावसाळ्यात जीपच्या बॉनेटमध्ये कोंबडी अंडी घालते म्हणून फॅनबेल्ट बदलायला येत. अशा गोष्टी सांगून मी चारचौघांत पुष्कळ हशा मिळवला आहे. आज जी सांगणार आहे तिच्यात आपण निर्दोष असल्याचा आव आणणारा माणूस गिऱ्हाईक नव्हता. तो मी होतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात, लग्नसराई जोरात असताना, रमेशसेठचा फोन आला. हायवेला लागून त्यांचं मोठं लॉन आहे. लॉन म्हणजे आमच्याकडचं उघड्यावरचं मंगल कार्यालय. हिरवळ, एका टोकाला स्टेज, बाजूला जेवणाचा मांडव, मागे स्वयंपाकाच्या भट्ट्या.

"मिस्त्री, नवरीच्या एन्ट्रीसाठी गॅसची गाडी घेतली. तिचं गिअर ऑइल गळून राहिलं. लवकर या, आज लग्न आहे."

गॅसची गाडी म्हटल्यावर मी गळती शोधायचा साबण, पाइपाच्या क्लिपा असं सगळं सोबत घेतलं. जाऊन पाहतो तर पांढऱ्या रंगाची, छपराची, बिनदरवाजाची, खेळण्यातली वाटावी अशी चार सीटची गाडी. गोल्फच्या मैदानावर श्रीमंत लोक फिरवतात ती. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टातून सेठनं जुनी उचलली होती. मी सीट उचलली, मागे वाकलो, खाली निजलो. सिलिंडर कुठेच नाही.

बाजूला ड्रायव्हर हात मागे बांधून उभा होता. शालिक त्याचं नाव, राहणारा आंधळगावचा. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा, तेव्हापासून माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "नका हुडकू जी. मी दोन दिवस हुडकला. पेट्रोल टाकतो तं चालते."

मग उलगडा झाला. गाडीच्या पुस्तकात गॅस लिहिलं होतं आणि ते पुस्तक जिथून आलं तिथे पेट्रोललाच गॅस म्हणतात. शालिक आणि मी दोघं खूप हसलो. त्या सगळ्या प्रकरणातलं तेवढंच हसू लक्षात आहे.

आता ही गाडी कशी असते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सीटखाली छोटं इंजिन. त्याचा पट्टा मागच्या आसाला फिरवतो. आसाच्या मध्ये लोखंडी पेटी, तिच्यात दातेरी चाकं, आणि ती झिजू नयेत म्हणून काकवीसारखं दाट गिअर ऑइल. या ऑइलला सडक्या अंड्यासारखा वास असतो, साबणानं तीनदा हात धुतले तरी भाकरीला लागतो. पेटीतून दोन्ही बाजूंना दांडे निघतात, दांड्यांच्या टोकाला चाकं. दांडा बाहेर निघतो तिथून ऑइल येऊ नये म्हणून रबराची गोल कडी असते, तिला ऑइल सील म्हणायचं. आणि सीलच्या लगेच बाहेर, चाकाच्या ड्रममध्ये, ब्रेक. या गाडीला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. म्हणजे सीलनं दगा दिला की ऑइल थेट ब्रेकवर.

पण त्या दिवशी सील कोरडे होते. ऑइल पेटीच्या डोक्यावरून ओघळत होतं. वर मातीचा आणि ग्रीसचा थर होता, त्यात तुटक्या बोल्टासारखा एक बुंधा आणि मधोमध बारीक भोक. त्यातून ऑइल बुडबुडत येत होतं. कोणीतरी ऑइलही गळ्यापर्यंत भरून ठेवलं होतं. संध्याकाळी वरात यायची होती, सेठ डोक्यावर उभे. मी जादा ऑइल काढलं, जागा पुसली आणि पाण्याच्या टाकीची चीर बुजवायला जी दोन रंगांची पुट्टी मळून लावतात ती त्या भोकावर दाबून बसवली. वीस मिनिटांत दगडासारखी झाली. गळती बंद.

"असा असते मिस्त्री!" सेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

महिन्याभरात उजव्या चाकाच्या आतून ऑइल दिसायला लागलं. मी चाक काढलं, ड्रम ओढला, दांडा उपसला, सील बदलला. तो सील भंडाऱ्याला सहज मिळाला, कारण एका ऑटोला त्याच मापाचा लागतो. हे माप मी दुकानदाराला न विचारता ओळखलं होतं आणि त्याचा मला थोडा गर्वही झाला. मग पावसाळा आला, लग्नं थांबली, गाडी शेडमध्ये झाकून ठेवली. तुळशीचं लग्न झालं आणि पुन्हा मुहूर्त सुरू झाले तसा पुन्हा फोन. आता दोन्ही चाकांतून.

मला आश्चर्य वाटायला हवं होतं. नवा सील सहा महिनेही उभ्या गाडीत टिकत नाही, याचा अर्थ सीलमध्ये दोष नाही, मागून काहीतरी त्याला ढकलतंय. हे मी दुसऱ्या कोणाला ट्रॅक्टरबद्दल नक्की सांगितलं असतं. पण या खेळण्यातल्या गाडीबद्दल माझ्या मनात एक तुच्छता होती. "हलकं रबर आहे," असं म्हणून मी दोन्ही सील पुन्हा बदलले, ड्रम पेट्रोलनं धुतले, ब्रेकचे लायनर घासून कोरडे केले.

जाताना शालिकला सांगितलं, "रोज सकाळी चाकाच्या आतून बोट फिरवून पाहत जा. ओलं लागलं तर मला फोन कर."

शालिक सांगितलेलं ऐकणारा माणूस. पंधरा दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला.

"मिस्त्री, बोट ओलं झालं जी. दोन्हीकडं."

त्या दिवशी तिथे ज्या मुलीचं लग्न होतं तिच्या वडिलांचा ट्रॅक्टर माझ्याकडे वर्षानुवर्षं येतो. मला आमंत्रण होतंच. मी दाढी करत होतो. फोन खांद्याला लावूनच म्हणालो, "अरे, धुतलेलं ऑइल राहून गेलं असंल कोपऱ्यात. पुसून टाक. सायंकाळी मी येऊन राहिलो, तेव्हा पाहू."

"गाडी काढू ना मंग?"

"काढ."

हा एक शब्द. दाढीच्या साबणासकट तो मला अजून आठवतो.

मुहूर्त गोरजचा होता. मी साडेपाचला पोचलो. शालिक गेटवर गाडीपाशी होता, गाडीला झेंडूच्या माळा, छपराला पांढरी जाळी. त्यानं मला पाहिलं आणि मागच्या चाकाकडे बोट केलं. मी हातानंच 'नंतर' अशी खूण केली, कारण नवरीचे वडील मला हाताला धरून फराळाकडे नेत होते.

लॉनची जागा नीट सांगायला हवी. हायवे उंचावर आहे, त्यामुळे गेटपासून स्टेजकडे सरळ उतार आहे, दीडशे-दोनशे पावलांचा. उताराच्या तळाशी स्टेज आणि त्याच्यासमोर खुर्च्या. त्या दिवशी चार-पाचशे माणूस तिथे बसलेलं, पुढच्या रांगांत बाया, पोरं. उजवीकडे भट्ट्या, कढयांत तेल उकळत होतं. डावीकडे हिरव्या जाळीचं कुंपण, त्यापलीकडे शेजाऱ्याचं शेत. धान कापून भारे रचून ठेवलेले होते. त्या रचलेल्या ढिगाला आमच्याकडे पुंजणं म्हणतात.

बँड वाजायला लागला. कागदी फुलांचा पाऊस पडला. गाडी गेटमधून आत आली. पुढे शालिक, मागच्या सीटवर नवरी आणि तिचा मामा. मामा भंडाऱ्याचे, पितळी भांड्यांचं दुकान असलेले, फेटा बांधून ताठ बसलेले. नवरीचं नाव पल्लवी. लोक मोबाइल वर करून उभे राहिले.

पहिली काही पावलं गाडी हळू होती. मग ती हळू राहिली नाही.

मी हातात फराळाची प्लेट घेऊन उभा होतो. अडतीस वर्षं गाड्यांत घालवलेल्या माणसाला चाकांचा आवाज ऐकून कळतं. गाडी ओढली जात नव्हती, घरंगळत होती. शालिकचा पाय पेडलवर आपटत होता, एकदा, दोनदा, तीनदा. बँडच्या आवाजात त्याचं ओरडणं कोणाला ऐकू गेलं नाही. लोकांना वाटलं, ही पण एन्ट्रीचीच काही तऱ्हा असेल. काही जण टाळ्या वाजवत होते. मी प्लेट धरून तसाच उभा राहिलो. गाडीपुढे वीस-पंचवीस पावलांवर बाया-पोरं बसलेली आणि गाडी त्यांच्यावर सरळ येत होती.

मग शालिकनं स्टिअरिंग डावीकडे मोडलं. गाडी एका बाजूच्या दोन चाकांवर उचलल्यासारखी झाली. मामांनी उडी मारली आणि ते हातावर पडले. गाडी हिरवी जाळी फाडत, दोन कुंड्या फोडत शेतात गेली, उड्या खात, आणि पुंजण्यात नाकापर्यंत घुसून थांबली.

बँड थांबला.

मी धावलो. पल्लवी सीटवरच होती, समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून. मुंडावळ्यांत धानाच्या काड्या अडकलेल्या. रडत नव्हती, डोळे मात्र इतके मोठे झालेले की मला तिच्याकडे पाहवेना. शालिक स्टिअरिंगवर वाकलेला, कपाळातून रक्त. मागच्या चाकांतून निळसर धूर आणि तो वास. तापलेल्या गिअर ऑइलचा. तो वास ओळखणारा तिथे मी एकटा होतो.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पेऊन आहे काय हा?"

बस. आगीवर रॉकेल पडावं तसं झालं. "पेऊनच आहे!" "पेणाराच आहे तो, मले माहीत आहे!" शालिक एके काळी खूप प्यायचा हे अर्ध्या तालुक्याला माहीत होतं. रमेशसेठ धापा टाकत आले आणि त्यांनी शालिकच्या कानफटात मारली. पाहुण्यांसमोर आपली बाजू सावरायची होती त्यांना. "चालता हो इथून. तोंड दाखवू नको."

शालिकनं गालावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सकाळचा फोन फक्त त्याला आणि मला माहीत होता. मी वाट पाहिली, आता हा बोलेल. तो बोलला नाही. मीही बोललो नाही. कपाळाचं रक्त बाहीनं पुसत तो शेतातून हायवेकडे चालत गेला.

मामांचं मनगट मोडलं होतं, त्यांना दवाखान्यात नेलं. लग्न लागलं. सगळ्यांबरोबर मीही अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला दोरीनं बांधून गाडी माझ्याकडे आणली. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि एकटाच कामाला लागलो. ड्रम काढले. आतून ऑइलची धार लागली, ब्रेकचे लायनर भज्यासारखे तेल प्यालेले. सील काढून उजेडात धरले. नवेकोरे, कुठे चीर नाही. फक्त ओठ बाहेरच्या बाजूला उलटलेले, आतून कोणी फुंकर मारल्यासारखे.

मग मी पेटीत ऑइल भरायच्या भोकाचा बोल्ट सैल केला. आतून फुस्स करून हवा सुटली. माझ्या तोंडावर ऑइलचे शिंतोडे आले.

पेटीत हवा कोंडली होती. गाडी चालली की ऑइल तापतं, हवा फुगते, तिला बाहेर जायला वर एक बारीक नळी ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात, म्हणजे श्वास घ्यायची जागा. प्रत्येक ट्रॅक्टरला असते. ती कधी बुजू देऊ नका, नाहीतर ऑइल सील फोडून निघेल, हे मी किती ट्रॅक्टरवाल्यांना ओरडून सांगितलं असेल! मी पेटीच्या डोक्यावर हात नेला. पुट्टीचा गोळा बोटांना लागला. त्याच्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा होता.

छिन्नीनं तो गोळा उडवला. खाली तो बुंधा. तुटका बोल्ट नव्हताच तो. टोपण तुटलेला ब्रीदर होता. पहिल्या दिवशी ऑइल जास्त भरल्यामुळे त्यातून वर येत होतं, एवढंच. जादा ऑइल काढून मी घरी गेलो असतो तर काम झालं होतं. मी गाडीचं नाक दाबलं आणि मग तिच्या तोंडातून का येतं म्हणून सहा महिने तोंड बदलत बसलो.

मोडलेल्या मनगटावर निभावलं होतं. चार-पाचशे माणसं, उकळतं तेल, ती पोरगी... डोळ्यासमोर जे झालं नाही ते येत राहिलं.

बायकोनं विचारलं, "काय सापडलं?" मी म्हणालो, "पाहतो आहे अजून." चार दिवस मी हेच उत्तर दिलं. सेठला, नवरीच्या वडिलांना, चहावाल्याला. अडतीस वर्षांचं नाव होतं ना! ते चार दिवस मी गॅरेज उघडून नुसता बसलो. पाना हातात घेतला की खाली ठेवायचो. पाचव्या दिवशी नवरीच्या घरून लग्नाचा व्हिडिओ आला. कॅमेरावाला गाडीच्या अगदी जवळ होता, म्हणून त्यात शालिकचा आवाज होता, बँडवरही स्पष्ट: "सरका! ब्रेक नाही! बाई, घट्ट धर! घट्ट धर!" स्वतःचं डोकं फुटायची वेळ असताना तो मागे वळून त्या पोरीला सांगत होता.

मी तसाच लॉनवर गेलो आणि सेठला सगळं सांगितलं. पुट्टी, ब्रीदर, सकाळचा फोन.

सेठनं इकडेतिकडे पाहिलं. "मिस्त्री, हे दुसऱ्या कोणाले सांगितलं काय?"

"नाही."

"मंग सांगू नका. गाडीत दोष होता म्हटलं तर लॉनचं नाव जाते. तुमचं बी जाते. डायवर पेऊन होता, लोकायनं मानलं, खतम झालं. कायले उकरता?"

"तो प्यायलेला नव्हता, सेठ."

"आज नाही तं काल पेला असंल. त्याले काय फरक पडते?"

मला धक्का बसला तो सेठच्या बोलण्याचा नाही. गेले चार दिवस मी गप्प राहून नेमकं हेच म्हणत होतो, त्याचा बसला.

तिथून मी भंडाऱ्याला मामांच्या दुकानात गेलो. हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाला पाणी भरायचा पितळी गुंड दाखवत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. वाटलं, गुंड डोक्यात घालतील. त्यांनी गुंड खाली ठेवला.

"म्हणजे हा हात तुम्ही मोडला," ते म्हणाले.

"हो जी."

"आणि मी पाच दिवसांपासून त्या गरिबाले शिव्या देऊन राहिलो." त्यांनी नोकराला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं, चप्पल घातली. "कुठं राहते तो? चला. मी स्वतः सांगतो त्याच्या गावात, चार माणसांत. माझा हात मोडला, माझं तरी ऐकतील."

माझ्या जुन्या जीपमध्ये आम्ही आंधळगावला गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. शालिकचं घर विचारत गेलो तर पानठेल्यावरचा एक जण हसून म्हणाला, "तो बेवडा काय?" मामांनी जीप थांबवायला लावली. खाली उतरून म्हणाले, "मीच तो मामा. माझाच हात मोडला. तो पेऊन नव्हता, गाडीचा ब्रेक गेला होता. त्यानं माझ्या भाचीचा जीव वाचवला. समजलं काय?" पानठेल्यावरची चार-सहा माणसं आमच्यामागून निघाली.

अंगणात शालिकची बायको इंदू तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून उठली, पदर सावरला, पण या म्हणाली नाही. मामांनी हात जोडायचा प्रयत्न केला, प्लास्टरमुळे जमलं नाही. म्हणाले, "बाई, आम्ही माफी मागायले आलो. शालिकराव पेऊन नव्हते, हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

इंदूनं एकदा मामांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "उशीर केला जी तुम्ही."

घराच्या दारात शालिक आला. चौकट धरून. कपाळावर पट्टी, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. पाच पावलांवरून दारूचा भपकारा आला. मागच्या माणसांत कुजबूज झाली. मामा एक पाऊल मागे सरले. मीही.

"नऊ वर्स झालते, मिस्त्री," शालिक म्हणाला. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "नऊ वर्स एक थेंब नाही. इंदूले इचारा. तिसऱ्या दिवसापावेतो थांबलो मी. दुकानात गेलो तं वास घेत. पोरीच्या शाळेत गेलो तं वास घेत. मंग म्हटलं, सारे म्हनूनच राहिले, तं..." तो उंबऱ्यावर बसला.

मी त्याच्यासमोर खाली बसलो. सगळं सांगितलं, मागच्या माणसांना ऐकू जाईल असं. पुट्टी मी लावली. तू सकाळी फोन केलास, गाडी काढ म्हणून मीच म्हणालो. शेवटी विचारलं, "शालिक, तू त्या वेळी काहून नाही बोलला रे? माझं नाव काहून नाही घेतलं?"

तो हसला. इतकं वाईट हसू मी कोणाचं पाहिलं नाही. "घेऊन काय झालं असतं जी? मिस्त्रीचं खरं का बेवड्याचं?"

मामा तोवर सावरले होते. ते मागे वळले आणि जे बोलायला आले होते तेच बोलले, समोर प्यालेला माणूस बसलेला असताना. "त्या दिवशी हा माणूस प्याला नव्हता. आज प्याला आहे, तो आमच्यामुळं." कोणी हसलं नाही. पानठेल्यावरचा तो माणूस मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतर जे झालं ते एका दमात सुधारणारं नव्हतं. शालिक दीड महिना पीत राहिला. मी दर आठवड्याला जायचो. कधी भेटायचा, कधी इंदू दारातूनच मान हलवायची. एकदा त्यानं मला शिवी देऊन हाकललं. मी दुसऱ्या आठवड्याला पुन्हा गेलो. पल्लवी सासरहून आली तेव्हा नवऱ्याला घेऊन त्याच्या पाया पडून आली. त्या दिवसानंतर थांबला, असं इंदू म्हणते. शालिक स्वतः तसं काही म्हणत नाही. रमेशसेठनं ती गाडी विकून टाकली. घेणाऱ्याला मी स्वतः फोन करून ब्रीदरला नवं टोपण बसवल्याचं आणि तो कधी न बुजवण्याचं सांगितलं. त्यावरून सेठ माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याकडे येणारी काही गिऱ्हाइकंही तुटली. तुटायलाच हवी होती.

शालिक आता भंडाऱ्यात ई-रिक्षा चालवतो. बस स्टँड ते सरकारी दवाखाना. मामांनी ओळखीनं मिळवून दिली. गुडघ्यांमुळे मी गॅरेज बंद केलंय, पण घरामागे थोडी अवजारं ठेवली आहेत, आणि तो महिन्यातून एकदा ई-रिक्षा घेऊन येतो. तिच्याही मागच्या आसात गिअर ऑइल असतं, तेही गळतं.

पूर्वी ट्रॅक्टर आणायचा तेव्हा माझ्याकडे चावी टाकून चहाला निघून जायचा. आता जात नाही. मी खाली निजतो आणि तो शेजारी उकिडवा बसून प्रत्येक बोल्टाकडे बघत राहतो. "हे काय करून राहिले जी?" विचारतो. मी सांगतो. "हे काहून?" तेही सांगतो. मग तो चाकाच्या आतून स्वतःचं बोट फिरवतो, उजेडात धरून पाहतो, कोरडं असलं की लुंगीला पुसतो आणि उठतो.

मी मात्र तो ते बोट उजेडात धरेपर्यंत श्वास रोखून बसलेला असतो.